इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टिंगचा छंद: परवानगीपासून नोंदीपर्यंत

ऑगस्टच्या अखेरीस गव्हाची कापणी उरकली की इंग्लंडच्या ग्रामीण भागात रविवारी सकाळी कानाला हेडफोन लावून आणि हातातला दांडा जमिनीलगत डावीउजवीकडे सावकाश फिरवत शेतातून चालणारी माणसे दिसू लागतात. नोकरी-शिक्षणानिमित्त तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना या छंदाचे, म्हणजे यंत्राने जमिनीतल्या जुन्या धातूच्या वस्तू शोधण्याचे, कुतूहल असते आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणते यंत्र घ्यावे’ हाच असतो. माझ्या मते यंत्राचा क्रम बराच नंतर लागतो. जमिनीतून निघालेल्या वस्तूचे खरे मोल ती नेमकी कुठे सापडली या माहितीत असते. ती माहिती जपण्यासाठी जमीनमालकाची संमती, कायद्याची जाण आणि नोंदीची शिस्त या तीन गोष्टी आधी लागतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

आधी कायदा समजून घ्यावा

इंग्लंड आणि वेल्समध्ये मेटल डिटेक्टर बाळगण्यास किंवा वापरण्यास परवाना लागत नाही. मात्र तिथली प्रत्येक जमीन कोणाच्या तरी मालकीची आहे आणि मालकाच्या संमतीशिवाय तिथे शोध घेता येत नाही. सार्वजनिक पायवाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांना असला, तरी त्या वाटेवर खणण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. बागा आणि मोकळी मैदाने बहुधा स्थानिक कौन्सिलच्या ताब्यात असतात व अनेक कौन्सिलांनी तिथे डिटेक्टिंगला मनाई केली आहे. संमती न घेता एखादी वस्तू उचलून नेली, तर ती चोरी ठरते.

काही जागी मालकाची संमतीही पुरेशी नसते. इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० संरक्षित पुरातत्त्वस्थळे आहेत. १९७९ च्या कायद्यानुसार त्यांच्या हद्दीत हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या लेखी अनुमतीशिवाय डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा आहे, मग खणले असो वा नसो. वेल्समध्ये हे काम कॅडव ही संस्था पाहते. वरून साधे कुरण दिसणाऱ्या शेताच्या पोटात रोमन वसाहत असू शकते, म्हणून प्रत्येक नव्या जागेसाठी संरक्षित स्थळांची यादी आणि नकाशा संकेतस्थळावर पाहून घ्यावा. निसर्गसंवर्धनासाठी राखलेली क्षेत्रे आणि ज्या शेतांना पर्यावरण योजनांतून अनुदान मिळते ती शेते यांनाही वेगळ्या अटी लागू असतात. शेतकऱ्याला त्याविषयी स्पष्ट विचारावे.

समुद्रकिनाऱ्यांची मालकीही सर्वत्र सारखी नाही. काही किनारे राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटचे, काही कौन्सिलचे, तर काही खासगी असतात. लंडनमध्ये थेम्सच्या पात्रात ओहोटीच्या वेळी उतरून शोध घेण्यासाठी पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो. हे नियम फक्त इंग्लंड आणि वेल्सचे आहेत, हेही लक्षात ठेवावे. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या पुरातन वस्तूंवर राजसत्तेचा हक्क असतो आणि त्या कळवाव्याच लागतात. उत्तर आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंच्या शोधासाठी खणायला परवाना लागतो, तर आयर्लंड प्रजासत्ताकात अनुमतीशिवाय असा शोध घेणे बेकायदा आहे. सुटीत तिकडे जाताना यंत्र घरी ठेवलेले बरे.

विमा, क्लब आणि शेतकऱ्याची संमती

नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग या संघटनेच्या वार्षिक सदस्यत्वाबरोबर १ कोटी पौंडांपर्यंतचा सार्वजनिक उत्तरदायित्व विमा मिळतो. आपण खणलेल्या खड्ड्यात गाईचा पाय अडकून मोडला, तर शेतकऱ्याच्या नुकसानीची भरपाई या विम्यातून होऊ शकते. ओळख नसलेला शेतकरी संमती देताना सहसा हाच कागद आधी पाहतो.

नवख्या माणसाने स्थानिक क्लबात नाव नोंदवावे. क्लबाकडे आधीच संमती मिळालेली शेते असतात, जुने सदस्य सिग्नल ओळखायला शिकवतात आणि यंत्र विकत घेण्यापूर्वी दोन-तीन प्रकारची यंत्रे हाताळायला मिळतात. परगावात, परदेशात अनोळखी दारावर थाप मारण्याचा संकोच ज्यांना वाटतो, त्यांच्यासाठी हा मार्ग विशेष सोयीचा आहे.

स्वतःची जागा मिळवायची असेल, तर कापणीच्या किंवा मेंढ्यांच्या वेताच्या धांदलीत जाऊ नये. आधी थोडक्यात पत्र पाठवावे आणि मग प्रत्यक्ष भेटावे. आपण कोण, कुठे राहतो, विमा कोणता, कोणत्या दिवशी आणि किती वेळ येणार हे सांगावे. जमीन कसणारा कूळ असेल, तर कूळ आणि मालक दोघांचीही संमती लागते. संमती लेखी घ्यावी. सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी होणार हेही त्याच कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, कारण वस्तू मौल्यवान निघाल्यावर तोंडी बोलणी कोणालाच नीट आठवत नाहीत. त्यानंतर दर वेळी येण्याआधी फोन करावा, फाटक जसे होते तसेच ठेवावे, उगवलेल्या पिकात पाऊल टाकू नये आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना बूट निर्जंतुक करून घ्यावेत. जनावरांचे रोग चिखलातून पसरतात, आणि २००१ च्या लाळ्या-खुरकूताच्या साथीत लक्षावधी जनावरे मारावी लागली, हे तिथला शेतकरी विसरलेला नाही.

यंत्र कसे काम करते आणि कोणते घ्यावे

दांड्याच्या टोकाशी जी तबकडी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यातील एका वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो व जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवरी प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते आणि ते दुसरे वेटोळे टिपते. पाठवलेल्या व परत आलेल्या लहरींतील कालाचा फरक मोजून यंत्र धातूच्या प्रकाराचा अंदाज बांधते आणि पडद्यावर एक अंक दाखवते. लोखंडाचा अंक तळाशी, पातळ फॉइलचा त्याच्या वर आणि तांबे व चांदीचा सर्वांत वर, असा साधारण क्रम असतो. सोन्याच्या लहान अंगठीचा अंक मात्र शीतपेयाच्या डब्याची कडी किंवा ॲल्युमिनियमचा कागद यांच्याच टापूत पडतो. त्यामुळे कडी टाळण्यासाठी यंत्राला ते अंक गाळायला सांगितले, तर सोनेही गाळले जाते. सुरुवातीला लोखंड सोडून प्रत्येक सिग्नल खणावा असे अनुभवी लोक सांगतात, त्यामागचे कारण हेच.

कमी वारंवारतेच्या लहरी मोठ्या आणि चांगल्या वाहक वस्तू अधिक खोलवर टिपतात, तर जास्त वारंवारतेच्या लहरींना हातोड्याने ठोकलेल्या पातळ नाण्यासारख्या बारीक वस्तू चांगल्या जाणवतात. अलीकडची अनेक यंत्रे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरतात आणि ओल्या, खाऱ्या वाळूवर त्यांचा मोठा उपयोग होतो. नवशिक्याने मिनेलॅब व्हँक्विश, नोक्ता सिम्प्लेक्स किंवा गॅरेट एस या मालिकांतील, साधारण २०० ते ३५० पौंडांच्या दरम्यानचे यंत्र घ्यावे. त्याहून महाग यंत्र पहिल्या हंगामात फारसे अधिक काही देत नाही, कारण त्याचे बारकावे ऐकू येण्याइतका कान अजून तयार झालेला नसतो. उरलेल्या पैशांतून पिनपॉइंटर अवश्य घ्यावा. हातात धरायचे हे छोटे उपकरण खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवते आणि त्यामुळे खड्डा लहान राहतो. याखेरीज दणकट आखूड फावडे, हेडफोन, हातमोजे, सापडलेल्या वस्तूंसाठी एक पिशवी आणि कचऱ्यासाठी दुसरी पिशवी लागते.

नाण्याएवढी वस्तू सामान्य यंत्राला १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंत कळते. जमिनीखाली कित्येक फुटांवरचे सोने दाखवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

घरच्या अंगणात सराव

शेतात जाण्यापूर्वी आपल्या परसात, घर भाड्याचे असेल तर मालकाला विचारून, एक चाचणीची पट्टी करावी. त्यात एक पौंडाचे नाणे, दोन पेनीचे नाणे, डब्याची कडी, फॉइलचा तुकडा, गंजका खिळा आणि जमल्यास चांदीची एखादी जुनी वस्तू वेगवेगळ्या खोलीवर, एकमेकींपासून हातभर अंतरावर पुरावी आणि प्रत्येकीची जागा खुणेने दाखवावी. मग जमिनीतील खनिजांशी यंत्राचा मेळ घालून, म्हणजे ग्राउंड बॅलन्स करून, एकेका वस्तूवरून कॉइल फिरवावी. पडद्यावरील अंकापेक्षा आवाजाकडे लक्ष द्यावे. नाण्याचा आवाज गोल, स्वच्छ आणि दोन्ही बाजूंनी सारखा येतो. खिळ्याचा आवाज तुटक असतो आणि आपण काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवली की तो बदलतो किंवा नाहीसा होतो. हा वळून ऐकण्याचा सराव अंगी मुरला, तर शेतातले निम्मे कष्ट वाचतात.

शेतात: चाल, कान आणि खणणे

कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरांवर समांतर ठेवावी. फेरीच्या टोकाला ती वर उचलली जाते आणि खोली तिथेच वाया जाते, म्हणून फेरी आवाक्यातच ठेवावी. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी तरी यावी. शेत मोठे असले तरी सगळे पालथे घालण्याच्या मोहात न पडता एक कोपरा निवडून तो ओळीने संपवावा. कोपरा निवडायला जुने नकाशे फार मदत करतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातील ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचे नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून पाहता येतात. त्यांत मोडलेल्या पायवाटा, बुजलेली तळी, नाहीशी झालेली घरे आणि काढून टाकलेले बांध दिसतात. माणसे जिथून चालली, जिथे थांबली, जिथे जत्रा भरली, तिथे त्यांच्या हातून वस्तू पडल्या.

सिग्नल पक्का झाला की खणण्याची पद्धत जमिनीवर ठरते. नांगरलेल्या शेतात साधा खड्डा चालतो. कुरणात मात्र तीन बाजूंनी हिरवळ कापून चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवावी, झाकण उलटावे, निघालेली माती शेजारी अंथरलेल्या कापडावर घ्यावी आणि काम झाल्यावर माती परत भरून झाकण पायाने घट्ट दाबावे. सिग्नलच्या मध्यावर फावडे मारू नये, थोडे दूर मारावे. वर्षानुवर्षे जमिनीत शाबूत राहिलेले नाणे फावड्याच्या एका घावाने दुभंगते.

खोलीची मर्यादा काटेकोर पाळावी. नांगराने दर वर्षी उलटापालट होणारा वरचा थर साधारण २० ते ३० सेंटिमीटरांचा असतो आणि त्यातील वस्तू आपल्या मूळ जागेवरून कधीच हललेल्या असतात. त्याखालच्या अस्पर्श थरात खांबाचा खळगा, चूल, पुरलेले मडके हे सारे जसेच्या तसे असते आणि ते एकदा विस्कटले की पुन्हा जुळवता येत नाही. सिग्नल त्या थरातून येत असेल, किंवा एकाच ठिकाणी अनेक नाणी अथवा मडक्याचा काठ दिसला, तर हात थांबवावा.

या छंदातला सर्वांत आदर्श प्रसंग मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफोकमधील हॉक्स्ने गावात एरिक लॉज हे गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधत असताना त्यांना रोमन सोन्या-चांदीची नाणी लागली. काही नाणी व चमचे वर आल्यावर त्यांनी खणणे थांबवले आणि खबर दिली. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला निधी (पुरून ठेवलेला ठेवा), ज्या लाकडी पेटीत तो ठेवला होता तिच्या खुणांसह, व्यवस्थित उकरला. सुमारे १५,००० नाण्यांचा तो निधी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि ती हातोडीही तिथेच आहे. लॉज यांना मिळालेले १७.५ लाख पौंड त्यांनी शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले.

बाकी बहुतेक दिवसांची कमाई म्हणजे गुंड्या, शिशाचे तुकडे, बंदुकीच्या काडतुसांची बुडे, घोड्याच्या नालांचे खिळे आणि व्हिक्टोरिया राणीच्या झिजलेल्या पेनी अशीच असते. कधी बॉम्बसारखी वस्तू दिसली, तर तिला हात न लावता दूर जाऊन ९९९ वर फोन करावा. खणलेला कचरा परत पुरू नये, सोबत न्यावा. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये.

नोंद: छंदाचा गाभा

वस्तू मातीतून वर आल्या क्षणी, हातात घेऊन निरखण्यापूर्वी, जागेची नोंद करावी. जीपीएस किंवा फोनवरील ॲपमधून नॅशनल ग्रिडचा, म्हणजे ब्रिटनच्या नकाशांवरील चौकटींच्या पद्धतीतला, दहा अंकी संदर्भ घ्यावा. त्यातून जागा एका मीटरपर्यंत ठरते, तर आठ अंकी संदर्भाने १० मीटरपर्यंतच ठरते. वस्तूला क्रमांक द्यावा, वेगळ्या पिशवीत ठेवावे आणि पिशवीवर क्रमांक, ग्रिड संदर्भ, तारीख व अंदाजे खोली लिहावी.

१९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेत प्रत्येक भागासाठी फाइंड्स लायझन ऑफिसर नेमलेले असतात. आपण वस्तू दाखवल्या की ते ओळख पटवतात, छायाचित्रे घेतात, माहिती खुल्या कोशात नोंदवतात आणि वस्तू परत देतात. या कोशात आज १५ लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत आणि त्यांच्या आधारे अज्ञात रोमन वसाहती व मध्ययुगीन बाजार उजेडात आले आहेत.

जागेमुळे वस्तूला अर्थ कसा येतो, याचे एक उदाहरण आपल्या किनाऱ्याशी जोडलेले आहे. सप्टेंबर १६९५ मध्ये हज यात्रेहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे गंज-इ-सवाई हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले आणि पुढे तो निसटला. २०१४ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात जिम बेली या छंदिष्टाला एका फळबागेत येमेनमध्ये १६९३ साली पाडलेले अरबी नाणे सापडले. तशीच काही नाणी न्यू इंग्लंडमध्ये इतरत्रही मिळाली. त्यावरून एव्हरीच्या टोळीतील माणसे तिथल्या वसाहतींत येऊन राहिली असावीत, असे बेली यांनी मांडले. हेच नाणे एखाद्या व्यापाऱ्याच्या डब्यात, जागेची नोंद नसताना मिळाले असते, तर ते येमेनचे एक जुने चांदीचे नाणे एवढेच उरले असते.

‘ट्रेझर’ ठरणारी वस्तू

१९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार नाणे सोडून अन्य वस्तू ३०० वर्षांहून जुनी असेल आणि तिच्यात वजनाने किमान १० टक्के सोने किंवा चांदी असेल, तर ती ट्रेझर, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने खजिना, ठरते. नाण्यांच्या बाबतीत एकाच ठिकाणची, ३०० वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीची दोन नाणी पुरतात, तर इतर, कमी मोलाच्या धातूंची दहा लागतात. एकत्र सापडलेल्या प्रागैतिहासिक काळातील दोन किंवा अधिक धातूच्या वस्तूही यात येतात. जुलै २०२३ पासून, २०० वर्षांहून जुनी आणि असाधारण महत्त्वाची धातूची वस्तू, मग ती कोणत्याही धातूची असो, या व्याख्येत आली आहे. अशी वस्तू मिळाल्यावर, किंवा ती ट्रेझर असावी असे लक्षात आल्यावर, १४ दिवसांत कोरोनर या स्थानिक चौकशी अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. व्यवहारात हे काम लायझन ऑफिसरमार्फत होते. संग्रहालयाने वस्तू घेतली, तर मूल्यांकन समितीने सुचवलेली रक्कम सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते. संग्रहालयाला ती नको असेल, तर वस्तू परत मिळते.

२०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघा जणांना नवव्या शतकातील नाण्यांचा मोठा निधी मिळाला. तो न कळवता त्यांनी गुपचूप विकायला काढला. त्या नाण्यांवर वेसेक्स आणि मर्सिया या तेव्हाच्या दोन इंग्रज राज्यांचे राजे, अनुक्रमे आल्फ्रेड आणि केओलवुल्फ, यांच्या युतीचा दुर्मीळ पुरावा होता. २०१९ मध्ये दोघांना दीर्घ कारावास झाला, पण बरीचशी नाणी पांगली ती पांगलीच.

साफसफाई आणि जपणूक

घरी तांब्या-पितळेला चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून लखलखीत करण्याची आपल्याला सवय असते. जुन्या नाण्याच्या बाबतीत ती पूर्ण विसरावी. आम्लाने आणि घासण्याने वरचा हिरवट थर जातो व त्याबरोबर अक्षरे आणि चेहऱ्याची रेषाही जाते. चांदीचे नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात बुचकळून आपोआप वाळू द्यावे. तांबे-कांस्याच्या वस्तूवरील सुटी माती लाकडी काडीने अलगद काढावी. लोखंडी वस्तू तज्ज्ञाला दाखवेपर्यंत जशीच्या तशी, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी. भारतात सुटीवर येताना एखादी वस्तू भेट म्हणून आणायचा विचार असेल, तर ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली ५० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यास निर्यात परवाना लागतो, हे आधी पाहावे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात

इथे या छंदाला इंग्लंडसारखी चौकट नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर तिचे स्वरूप, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्यासाठी तारण द्यावे लागते. लपवल्यास आपला हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. गड, लेणी, मंदिरे, पांढरीची (जुन्या वस्तीची) टेकाडे अशा संरक्षित स्थळी परवान्याविना उत्खनन करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची खासगी निर्यात १९७२ च्या कायद्याने बंद आहे.

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात मातीत मिळालेली आणि न कळवता ठेवलेली २१६ सुवर्णनाणी पोलिसांनी जप्त केली. मार्च २०२५ मध्ये एका ऐतिहासिक चित्रपटानंतर पुरलेल्या खजिन्याच्या आशेने मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन माणसे शेते खणू लागली. त्यात त्या मातीतील इतिहासाची कायमची हानी झाली.

यंत्राच्या दृष्टीनेही आपली जमीन अवघड आहे. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत चुंबकीय लोहखनिज असते, कोकणातील जांभा लोहाने भरलेला आहे आणि रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळू आहे. अशा जागी यंत्र सतत खोटे सिग्नल देते आणि खोली घटते. ग्राउंड बॅलन्स वारंवार करावा, संवेदनशीलता कमी ठेवावी आणि लहान कॉइल वापरावी.

तरीही आपल्या स्वतःच्या आवारात हरवलेली अंगठी, पुरलेली लोखंडी जलवाहिनी किंवा शेतात तुटून राहिलेला नांगराचा फाळ शोधायला हे यंत्र उपयोगी पडते. दुसऱ्याची हरवलेली वस्तू सापडली, तर १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ७१ नुसार ती सांभाळण्याची जबाबदारी सापडवणाऱ्यावर येते, म्हणून मालकाचा शोध घ्यावा आणि पोलीस ठाण्यात कळवावे. विहीर किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके लागले, तर काम त्या जागी थांबवावे, काहीही न हलवता फोटो घ्यावेत, तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.